कस्टम रायफल बनवतोय, काडतूस कुठलं घेऊ: ६.५ क्रीडमोर, ६.५ पीआरसी की ७ पीआरसी?

संगमेश्वरी

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे, इथे कुणी यातलं असेल की नाही माहीत नाही, पण विचारून बघतो. मी कोलोराडोत, फोर्ट कॉलिन्सला. मूळचा संगमेश्वरकडचा. आजोबांकडे पीक-संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरं भातात शिरली की पडवीतून एक बार काढायचे, तोही बहुतेक वेळा हवेतच, घराण्याचा शिकारीशी संबंध तेवढाच. इथे आल्यावर ऑफिसातल्या मित्राने नादाला लावलं. ग्रीन कार्ड आलं, हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, आणि गेली तीन वर्षं माझ्याकडे एक टिका कंपनीची रायफल आहे, ६.५ क्रीडमोर काडतुसाची.

दोन वर्षांपूर्वी मीकरच्या बाजूला फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांत एल्कची (आपल्या सांबरासारखं मोठं हरीण) मादी मिळाली, २४० यार्डांवर, दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेली, साठेक पावलं चालली आणि बसली. गेल्या सीझनला मात्र एक नर दिसला तो ४३० वर, दरीपलीकडे, वारा डावीकडून उजवीकडे आणि मधेच थांबणारा, मी बॅगेवर रायफल ठेवून पाच मिनिटं नुसता बघत बसलो आणि चाप ओढला नाही. तेव्हापासून डोक्यात किडा आहे की रायफल जरा दमदार असती तर.

तर आता कस्टम बनवायची आहे. अ‍ॅक्शन, बॅरल, दस्ता, ट्रिगर सगळं निवडून (अ‍ॅक्शन म्हणजे बोल्ट बसतो तो मधला भाग). एकाच रायफलने दोन कामं व्हावीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात एल्क आणि म्यूल डिअर, आणि उरलेलं वर्ष रविवारी क्लबात १००० यार्डांपर्यंत लोखंडी पाट्या वाजवायच्या. वजन दुर्बिणीसकट नऊ-साडेनऊ पाउंडांच्या वर नको, कारण डोंगर चढून जायचं असतं आणि मी स्वतः ६८ किलोचा आहे. काडतुसं घरी भरत नाही, बाजारातलीच वापरतो.

मित्र म्हणतो ७ पीआरसी घे, दुसरं बघूच नकोस. गनस्मिथ म्हणतो .३०० पीआरसी. व्हिडिओ बघायला बसलो तर प्रत्येक जण वेगळंच सांगतोय आणि मी रात्री दीड वाजता तक्ते बघत बसलेला असतो. बायको म्हणाली, लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हतास.

कांदालसूण

मिनेसोटाहून हजेरी. काडतुसातलं काही कळत नाही, पण एल्कचा खिमा कोल्हापुरी मसाल्यात केला असशील तर रेसिपी टाक, इकडे हरणाचं मांस शेजारी आणून देतो आणि ते कोरडं पडतं. बाकी चालू द्या.

बोझमनचा_काका

अरे वा, आपला माणूस. मी मोंटानात, बोझमनला, चौतीस वर्षं झाली. मी पहिली रायफल घेतली तेव्हा ही पीआरसी-बीआरसी मंडळी जन्मालाही यायची होती.

तुला सरळ सांगतो. .२७० विंचेस्टर आली १९२५ साली. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२ ला, रेमिंग्टन ७०० बरोबरच. .३०० विन मॅग त्याच्या पुढच्या वर्षी. या तीन काडतुसांनी पश्चिमेतल्या डोंगरांत किती एल्क घरी आणले असतील त्याचा हिशेब कुणाकडे नाही. एल्कला काही कळत नाही की गोळीच्या पितळेवर कुठलं साल छापलंय. मी स्वतः ७ एमएम मॅगने तीस वर्षं मारतोय, सगळ्यात लांबचा बार ३८०, आणि तोही आज विचारशील तर घेऊ नये होता असं वाटतं.

कस्टम बनवतोयस ना? मग एक गोष्ट ऐक. जुन्या काडतुसांची खरी अडचण काडतुसात नसून बॅरलच्या पिळात होती, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांत. कारखान्यातली .२७० येते दहा इंचाला एक पीळ, त्यात लांबुळकी जड गोळी स्थिर राहत नाही, भोवऱ्याला दोरी कमी गुंडाळली तर तो कसा डुलतो तसं. ७ मॅगला सव्वानऊ-साडेनऊ इंचाला एक. तू कस्टम बॅरल घेतोस म्हणजे पीळ तुझ्या हातात. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमलाच आठ इंचाचा पीळ मागव, १७५-१८० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) आजच्या गोळ्या चालव, आणि मग मला येऊन सांग ७ पीआरसीने काय जास्त दिलं. आणि खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात काडतुसं मिळतात हे वेगळंच.

पाऊण_एमओए

काका, तुमचं पिळाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण अर्धंच सांगितलंत, बाकीचं अर्धं मी सांगतो.

मी युटाला असतो, पीआरएसच्या (लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या) मॅचेस खेळतो आणि वर्षातून एकदा एल्कला जातो, म्हणजे संगमेश्वरी भाऊ तुम्ही जे एका रायफलीत कोंबायला बघताय ते मी दोन रायफलींत करतो, आणि ते तसं का करतो ते आधी सांगतो. मॅचमध्ये एका स्टेजला दीड-दोन मिनिटांत दहा-बारा बार असतात. त्यासाठी माझी रायफल वीस पाउंडांच्या आसपास, जाड बॅरल, ६ एमएमचं काडतूस, धक्का इतका कमी की दुर्बिणीतून स्वतःची गोळी पाटीवर आदळताना दिसते आणि पुढचा बार त्यावरून दुरुस्त करता येतो. शिकारीत उलटं. तिथे फक्त पहिली गोळी, गार बॅरलमधून, बहुतेक वेळा धापा टाकत, हातमोज्यातल्या बोटाने. मॅग्नम काडतूस बारीक बॅरलमध्ये घालून दहा बार सलग मारलेत तर बॅरलवरची हवा लहरायला लागते, दुर्बिणीत पाटी नाचते, आणि बॅरलचा घसा (काडतुसाच्या लगेच पुढचा भाग) झिजतो तो वेगळा. म्हणून एकच रायफल दोन्हीला म्हणजे थोडं धड ना हे, धड ना ते. पण हजार यार्डांवर पाट्या निवांत वाजवायच्या असतील, घड्याळ लावून नाही, तर जमतं.

आता काडतुसांकडे. ६.५ क्रीडमोर हॉर्नाडी कंपनीने २००७ ला आणलं, मुळात मॅच खेळणाऱ्यांसाठी. १४३ ग्रेनची ईएलडी-एक्स गोळी २७०० फूट पर सेकंदने निघते. ६.५ पीआरसी २०१८ चं, तीच गोळी २९६० ने. ७ पीआरसी २०२२ चं, १७५ ग्रेन ३००० ने. .३०० पीआरसीत २१२ ग्रेन २८६० ने. कंपनीचे तक्ते समुद्रसपाटीचे धरतात, त्यात ५०० यार्डांवर क्रीडमोरच्या गोळीत ऊर्जा उरते १३०० फूट-पाउंड, ६.५ पीआरसीकडे १६०० च्या आसपास, ७ पीआरसीकडे २१०० च्या पुढे.

एल्कसाठी लोक १५०० फूट-पाउंड असा आकडा बोलतात. तो कायद्यातला नाही. कोलोराडोचा कायदा एवढंच म्हणतो की किमान .२४ कॅलिबर, एल्कला किमान ८५ ग्रेनची पसरणारी गोळी, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड. १५०० हा चहाच्या टपरीवरचा नियम, पण वाईट नाही. त्या हिशेबाने समुद्रसपाटीला क्रीडमोर ३९० च्या आसपास संपतं. पण तुम्ही समुद्रसपाटीला एल्क मारत नाही. नऊ हजार फुटांवर हवा पाऊणपटच उरते, गोळीला अडवणारं कमी, म्हणजे तीच हद्द पाचशेच्या आसपास सरकते. थोडक्यात, तुमच्या त्या ४३० वरच्या नराला तुमची टिका पुरेशी होती. रायफल कमी पडली नव्हती.

तुम्ही थांबलात ते वाऱ्यामुळे. आणि वाऱ्याचाच हिशेब बघा. दहा मैलांचा आडवा वारा, ५०० यार्ड, क्रीडमोरची गोळी चौदा-पंधरा इंच सरकते, ७ पीआरसीची अकराएक इंच. गोळी खाली किती पडते याची चिंता कुणी करत नाही, अंतर लेझरने कळतं, दुर्बिणीवरचा टरेट (नेम वर-खाली करायची चकती) फिरवला की झालं. वारा मोजायला दरीच्या मध्यात कुणी उभं नसतं. आता समजा तुम्ही वारा पाच मैलांनी चुकलात, जे दरीत कुणीही चुकतं, तर एकात सात इंच चूक, दुसऱ्यात साडेपाच. दीड इंचासाठी तुम्ही धक्का दुप्पट घेताय. नऊ पाउंडांच्या रायफलीत क्रीडमोरचा धक्का बारा फूट-पाउंडांच्या जवळपास, ६.५ पीआरसीचा सोळा-सतरा, ७ पीआरसीचा चोवीस-पंचवीस, .३०० पीआरसीचा तेहेतीसेक. तुमचा गनस्मिथ बहुधा शंभर किलोचा असणार.

म्हणून काडतूस विचारण्याआधी दोन आकडे सांगा. जनावरावर जास्तीत जास्त किती यार्डांवर बार घेणार, आणि वर्षाला किती काडतुसं खरोखर झाडता.

संगमेश्वरी

दादा, वाचून जरा गार पडलो. खरं सांगायचं तर वर्षाला साडेतीनशे-चारशे. आणि जनावरावर... पाचशे म्हणायला तोंड उघडलं होतं पण आता साडेचारशे म्हणतो. गनस्मिथ एकशे वीस किलोचा आहे :)

काका, ७ मॅगचा आठचा पीळ ही गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. पण बाजारातली काडतुसं वापरणार असेन तर त्याचा फायदा होतो का?

पाऊण_एमओए

तेच अर्धं राहिलं होतं. कमी होतो. जुन्या काडतुसांना कारखाने जुन्या रायफली डोळ्यांसमोर ठेवून भरतात, मॅगझिनची लांबी ठरलेली, त्यामुळे लांब गोळी केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) खोल दाबावी लागते आणि बंदुकीच्या दारूची जागा खाते. पीआरसी कुटुंबाची मापंच लांब गोळी धरून काढली आहेत. शिवाय ७ मॅगला तो पट्टा आहे बुडाशी. तो पट्टा .३७५ एच अँड एचपासून, म्हणजे १९१२ पासून चालत आलाय, तेव्हाच्या केसांचे खांदे इतके उतरते होते की चेंबरमध्ये काडतूस कुठे अडणार याचा भरवसा नसायचा, म्हणून पट्टा. आज खांदा व्यवस्थित आहे, पट्ट्याचं काम उरलेलं नाही, पण काका लोकांना तो आवडतो. घरी काडतुसं भरणाऱ्याला काकांचा सल्ला उत्तम, दुकानातून घेणाऱ्याला पीआरसी सोपं.

बोझमनचा_काका

पट्ट्याला नावं ठेवू नकोस, पँट त्यानेच टिकून आहे.

निरीक्षक

माफ करा, पण हे वाचून अस्वस्थ वाटलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली तीच मुळात जंगलं रिकामी झाली म्हणून. आणि इथे पाचशे यार्डांवरून मारायच्या गप्पा. त्या प्राण्याला संधी तरी काय राहिली? कौतुकाने चर्चा करावी असं यात काय आहे?

संगमेश्वरी

निरीक्षक, राग नाही. घरून आईचाही हाच प्रश्न असतो. आपल्याकडची बंदी योग्यच आहे, तिथली परिस्थिती वेगळी. कोलोराडोत एल्क पावणेतीन-तीन लाखांच्या घरात आहेत, जगातला सगळ्यात मोठा कळप या राज्यात, आणि कुठल्या भागात किती नर, किती माद्या मारायच्या ते राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी ठरवतं, आणि बऱ्याच परवान्यांसाठी एप्रिलमध्ये अर्ज करून सोडतीत नाव लागावं लागतं. बंदूक आणि काडतुसांच्या किमतीत केंद्राचा कर असतो, रायफलवर ११ टक्के, तो पैसा १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठीच जातो. मादी मिळाली त्या वर्षी आमच्या फ्रीझरमध्ये वर्षभर दुसरं मांस आलं नाही. तरीही तुम्हाला पटावं असा आग्रह नाही.

लांबून मारण्याबद्दल तुमचं म्हणणं मात्र मला टोचलंय, खोटं कशाला बोलू.

पाऊण_एमओए

टोचू दे, ते बरंच आहे. सहाशे यार्डांवर गोळी पोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. तेवढ्यात एल्क एक पाऊल टाकतो. एका पावलात फुप्फुसाच्या जागी पोट येतं, आणि पोटात गोळी लागलेला एल्क रात्रभर चालतो. याला कुठलंच काडतूस उत्तर नाही. पाटीला पाय नसतात म्हणून हजारावर पाटी.

निरीक्षक

एवढं तरी ठीक. बाकी माझं मत तेच आहे.

पुणे_डॅलस

अवांतर होईल, पण एच-१बी वर असलेल्याला हे करता येतं का? ऑफिसातले सांगतात की व्हिसावाल्याने बंदुकीला हातही लावायचा नाही.

बोझमनचा_काका

ऑफिसातले जवळपास बरोबर आहेत. केंद्राच्या कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला बंदी आहे, पण अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद. लायसन्स संपलं की अपवादही संपला हे लक्षात ठेव, कपाटातली बंदूक तीच पण तू गुन्हेगार. ग्रीन कार्डची वाट बघतोयस तर एकदा वकिलाशी बोलून घे, बंदुकीपेक्षा ती फी स्वस्त.

बालेवाडी_५०मी

मी भारतात, पॉइंट टू टू वाली, म्हणजे ५० मीटर. तुमच्या मॅग्नमांपुढे आमची गोळी म्हणजे शेंगदाणा. आमच्याकडे शिकारीचा प्रश्नच नाही, आणि लष्करी मापाची काडतुसं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, .३१५ बोअर इंग्रजांच्या काळात त्यासाठीच आलं. त्यामुळे पीआरसी मी फक्त फोटोत पाहिलंय. पण एक गोष्ट सांगावीशी वाटते.

तुम्ही सगळे गोळी, वेग, धक्का यावर बोलताय. स्वप्नील कुसाळेला पॅरिसला २०२४ मध्ये थ्री पोझिशनला ब्राँझ मिळालं ते याच शेंगदाण्यावर. तिथे धक्का जवळजवळ नसतो आणि तरी आम्ही दिवसाचे दोन-दोन तास रिकामी रायफल नुसती धरून चाप ओढतो, कारण चूक गोळी सुटायच्या आधी होते, नंतर नाही. आमच्या सरांची एक खोड होती. आपण पाठ करून उभं राहायचं, ते रायफल भरून देणार किंवा भरल्याचं नाटक करून रिकामीच देणार, आपल्याला माहीत नाही. चाप ओढला आणि नुसतं टिक वाजलं की नळीचं टोक हललं का ते ते बघायचे. ज्याचं हललं त्याला त्या दिवशी गोळ्या बंद.

संगमेश्वरी, तुम्ही हे कधी करून बघितलंय का? मित्रांच्या रायफली मागून घ्या, तिन्ही काडतुसांवर करा, आणि मग ठरवा. पैसे खर्च व्हायच्या आधी. रिकाम्यासाठी डमी काडतूस वापरा आणि प्रत्येक वेळी नळी पाट्यांकडेच ठेवा हे सांगायला नको.

पाऊण_एमओए

+१. या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद, आणि तो पण शेंगदाणेवालीकडून.

संगमेश्वरी

मंडळी, दोन आठवडे गायब होतो, आता सविस्तर.

मित्राकडे ७ पीआरसी आहे, क्लबातल्या एकाने ६.५ पीआरसी दिली, माझी टिका होतीच. शनिवारी पहाटे तिघं पॉनी ग्रासलँडवर गेलो. तिथे नुसतं गवत आणि वारा, झाड म्हणून नाही. मित्र भरून देत होता, मी पाठ करून.

टिकाने सुरुवात केली. पाच वेळा दिली, त्यात दोन रिकाम्या. टिक वाजलं, नळी जागच्या जागी. मनातल्या मनात कॉलर ताठ केली. मग ६.५ पीआरसी. एक रिकामी निघाली, टोक किंचित हललं, मित्र म्हणाला तांदळाएवढं. मग ७ पीआरसी. ही रायफल आठ पाउंडांची, ब्रेक (नळीच्या टोकाला लावायचा, धक्का कमी करणारा भाग) काढून ठेवलेला. पहिले तीन बार भरलेले, तिन्ही मस्त गेले, खांद्याला कळलं पण ठीक. चौथ्याला टिक. आणि मी अख्खा पुढे झुकलो. डोळे मिटलेले, डावा खांदा पुढे, नळीचं टोक वीतभर खाली, जशी काही बंदूक मला मारणार होती. मित्राने फोनवर शूट केलंय, तो आता ऑफिसात सगळ्यांना दाखवतो. लाज वाटली. कारण ते तीन मस्त बार मी तसेच मारले असणार, नुसता धक्क्याच्या आड माझा दचका लपला होता.

ब्रेक लावून परत केलं. धक्का निम्मा वाटला पण आवाज असा की शेजारच्या गाडीतला माणूस खाली उतरला. शिकारीत कानाला काही न लावता तो बार काढायचा म्हणजे कायमचा बहिरेपणा, आणि एल्क समोर आल्यावर कानाचे मफ शोधत बसणारा मी नाही. सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) हा मार्ग आहे, इथे शिकारीला चालतो, पण नळीची लांबी आणि वजन वाढतं.

तर माझ्या डोक्यात आता असं आहे: ६.५ पीआरसी. साडेचारशेच्या आत एल्कला भरपूर, वारा क्रीडमोरपेक्षा थोडा कमी खाते, आणि तांदळाएवढा दचका सरावाने जाईल. टिका विकत नाही, रविवारच्या पाट्या तिच्यावरच, गोळीही तीच १४३ ची आणि काडतूस स्वस्त. मी इकडे क्रीडमोरच्या वीसच्या बॉक्सला चाळीसेक डॉलर देतो, ७ पीआरसीला साठ-सत्तर बघितले.

आता गनस्मिथ विचारतोय अ‍ॅक्शन शॉर्ट की लाँग. आणि बॅरल २४ की २६.

पाऊण_एमओए

दचक्याचा व्हिडिओ टाका, सगळ्यांचा असाच असतो, फक्त कुणी काढत नाही.

अ‍ॅक्शन. इथे जरा लांब विचार करा. ६.५ पीआरसी शॉर्ट अ‍ॅक्शनमध्ये बसते म्हणतात, पण काडतुसाची लांबी २.९५५ इंच, साध्या शॉर्ट मॅगझिनमध्ये ती मावत नाही, वेगळी तीन इंची लागते. तुम्ही लाँग अ‍ॅक्शन घ्या, बोल्टचं तोंड (काडतुसाचं बूड बसतं ती जागा) .५३२ इंचाचं. पावकिलोही फरक पडत नाही. ६.५, ७ आणि .३०० तिन्ही पीआरसींना बोल्टचं तोंड तेच लागतं. उद्या बॅरल झिजलं, मॅग्नम ६.५ चं बॅरल बारा-पंधराशे बारांत उतरायला लागतं, तर त्याच अ‍ॅक्शनवर ७ पीआरसीचं बॅरल चढवता येईल. तोवर दचका गेलेला असेल. मॅगझिनमधून आखूड काडतूस नीट वर येतंय ना एवढं मात्र ताब्यात घेताना दहा-वीस वेळा करून बघा, जोरात पण आणि हळू पण. डमी घेऊन जा.

बॅरल २४, पीळ आठ. सप्रेसर पुढेमागे लावणार असाल तर २२, वेग थोडा जाईल, तुमच्या साडेचारशेला काही बिघडत नाही, आणि टोकाला आटे आत्ताच पाडून घ्या.

आणि गनस्मिथकडून तारीख लेखी घ्या. माझी पहिली रायफल चार महिन्यांत देतो म्हणाला होता, अकरा महिने लागले, अख्खा सीझन गेला, फोन केला की बॅरलवाल्यावर ढकलायचा आणि बॅरलवाला म्हणायचा बॅरल कधीच पाठवलंय.

बालेवाडी_५०मी

छान केलंत. आता रोज रात्री पंधरा मिनिटं रिकामी रायफल, भिंतीवर टिकली लावून. काडतुसं खोलीतसुद्धा नकोत.

संगमेश्वरी

टिकली बायकोची घेतली. तिने विचारलं हे काय, मी सांगितलं सराव. ती म्हणाली भिंतीवर तिला जास्त शोभतेय.

लाँग अ‍ॅक्शन, .५३२, २२ इंच, आठचा पीळ, आटे. ऑर्डर उद्या. तारीख लेखी मागितली तर गनस्मिथ हसला, पण लिहून दिली, १५ ऑगस्ट.

बोझमनचा_काका

१५ ऑगस्ट म्हणजे तुला स्वातंत्र्य मिळणार, रायफल दिवाळीला. तोवर टिका पुसून ठेव, आणि मीकरला जाणार असशील तर वाऱ्यासाठी टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेव, बायकोचीच.

ब्लेझच्या (लांबून दिसणाऱ्या भडक रंगाच्या) जाकिटाचं पण बघ, नारंगी किंवा गुलाबी पाचशे चौरस इंच लागतं, टोपीसकट. गेल्या वर्षी माझ्याबरोबर आलेला एक जण नुसती टोपी घालून आला होता, परत गाडीपर्यंत चालायला लावला.

कांदालसूण

सगळं झालं, खिम्याची रेसिपी राहिली.

संगमेश्वरी

घे. एल्कला चरबी नसते म्हणून कोरडा पडतो. एक किलोला दोन चमचे तूप जास्तीचं, कांदा नेहमीच्या दुप्पट, आणि भाजलेलं सुकं खोबरं वाटताना हात आखडायचा नाही. आधी दह्यात दोन तास. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजव, कुकर लावू नकोस, रबर होतं. मसाला आमच्या घरी आत्या पाठवते तो संगमेश्वरी, तुझा कोल्हापुरी चालेल, मिरची जरा बेताने.

कांदालसूण

वाचनखूण साठवली. मिरचीचं माझं मी बघतो.